दार कसलं होतं?

वर्षभरात साडेतीस सिनेमे.
तिकिटं मशिनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या डबीखाली.
निम्म्यांची शाई उडालीय,
तेव्हा ही यादी आठवणीतनं.

सोमवारी दुकान बंद.
लक्ष्मीपुरीतलं जुनं थेटर, साडेबाराचा खेळ.
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिगळ आहे,
प्रत्येक हिरॉइन कधी ना कधी त्या ठिगळातनं जाते.
मला त्याचं काही वाटत नाही,
माझा धंदाच तो.

घरी आलं की आबा पलंगावरनं विचारणार.
हिरो कोण, गाणी कशी, काही नाही.
"दार कसलं होतं?"

चाळीस वर्षं स्टुडिओत सुतारकी.
चौकीची दारं केली, देवळाची, तुरुंगाची,
उघडलं की मागं बांबू, सुतळी
आणि चहा पीत बसलेला लाइटवाला.
आता दोन वर्षं पाय उठत नाहीत,
आणि घराला आहे ते एक दार
झोपल्या जागेवरनं दिसत नाही.

तर, यंदाचे.

तो कंडक्टर बाईचा.
शेवटची फेरी संपते, ती डेपोत एकटी चिल्लर मोजते,
चार रुपये कमी येतात,
पुन्हा पहिल्यापासून मोजते.
मागचा पोरगा ओरडला, "आवर की बाई!"
मला वाटत होतं, तिनं आणखी एकदा मोजावं.
दार बसचं, आबा. पत्र्याचं. दोरीनं बांधलेलं.
"दोरी कसली?"
नायलॉनची.
"मग बराबर हाय."

आणि तो हाणामारीचा, होय, तोसुद्धा.
हिरोनं लाथ घातली, दार आडवं,
अख्ख्या थेटरात शिट्ट्या. त्यात एक माझी,
शेहेचाळिसाव्या वर्षी, सुई टोचलेली बोटं तोंडात घालून.
आबा म्हणाले, "बिजागऱ्या कुठल्या अंगाला?"
बघितलंच नव्हतं.
पुढच्या सोमवारी शंभर रुपये मोजून बिजागऱ्या बघून आले.
दार बाहेर उघडणारं,
आणि पडलं आत!
आबा ठसका लागेपर्यंत हसले,
पाठ चोळावी लागली.
कुणी काहीही म्हणो, हा यादीत राहणार.

ज्याला बक्षीस मिळालं तो घेतलेला नाही.
सगळे रडले म्हणे.
मला तिच्या ब्लाउजचा काखेतला झोल दिसत राहिला.

एक परक्या मुलखातला.
खालची अक्षरं वाचता वाचता मान अवघडली.
बर्फात म्हातारा दर वर्षी दाराला नवा रंग देतो,
कुणी येत नाही.
आबांना मी फक्त रंग सांगितले.

आणि हा नोव्हेंबरातला.
एक माणूस मेलेल्या मित्राचं पत्र घेऊन
मित्राच्या गावाला निघालाय.
एस.टी. चुकते, पाऊलवाट चुकते,
कुत्रं मागं लागतं,
आणि मध्यंतर.
वडा हातात घेतला आणि लाइट गेली.
जनरेटर खोकला, बसला.
आम्ही सात माणसं, वर कबुतरं.
मॅनेजरनं मोबाइलच्या उजेडात निम्मे पैसे परत दिले.

बिंदू चौकातनं चालत येताना
उरलेला मी शिवला.

तो पोचतो, आबा. दिवेलागण झालेली.
सागवानी दार, एकफळी, खाली पावसानं कुजलेलं.
तो कडी वाजवत नाही, नुसता हात ठेवतो.
बराच वेळ.
मग आतनं कडी काढल्याचा आवाज येतो,
आणि एक बाई म्हणते, "उशीर केलासा."

आबांचे डोळे मिटलेले.
मला वाटलं, झोपले.

"ह्ये दार तू बसिवलंस."
कशावरनं?
"शूटिंगच्या दाराला आतनं कडी नसती.
आत कोण असतंय लावायला?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले.
"ऱ्हाऊ दे," पाठीमागनं म्हणाले,
"चांगलं बसलंय."

पुढच्या सोमवारी तोच खेळ लागला होता.
मी गेले नाही,
रंकाळ्याला जाऊन कणीस खाल्लं.
पहिला नंबर त्याचा.
तो अर्धा, तो हा.